ऑपरेशननंतरचा बेडसोअर आणि सिस्टरचा भरवसा: ओटीत जाण्यापासून डिस्चार्जपर्यंत काय बघायचं, काय करायचं

खुब्याचं ऑपरेशन झालेल्या एक आजी रात्रभर म्हणत होत्या, "अगं, टाच ठणकतेय." राजेंद्रनगरच्या आजी. इंदूरला आपली माणसं दिवसभर हिंदी बोलतात, पण भूल उतरताना हमखास मराठीत येतात. रात्रपाळीला मी होते, त्यामुळे भाषेची अडचण नव्हती. ऑपरेशनचंच दुखणं असणार असं धरून मी ऑर्डरमधलं इंजेक्शन दिलं आणि पुढच्या बेडकडे गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी चादर बदलताना त्यांच्या टाचेवर वांग्याच्या सालीसारखा जांभळा डाग दिसला. रुपयाच्या नाण्याहून थोडा मोठा.

मग नेहमीचं नाटक झालं. दिवसपाळी म्हणाली रात्री झालं, आम्ही म्हणालो ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये झालं, ओटीवाले म्हणाले पेशंट तशीच आली होती. फाइलमध्ये टाचेबद्दल कुणीच एक ओळ लिहिलेली नव्हती, मीसुद्धा नाही.

आता मी नव्या मुलींना शिकवते. वर्गात विचारलं, "बेडसोअरची काळजी घेता येते का?" की सगळे हात वर होतात. मग मोबाइलवर एक फोटो दाखवून म्हणते, "याची स्टेज सांग, मोजून लिही आणि सर्जनला फोन कर," की हात खाली. हा लेख त्या मधल्या जागेसाठी आहे. जीएनएम किंवा बी.एस्सी. नर्सिंग करून सर्जिकल वॉर्डात लागलेल्या सिस्टर-ब्रदरसाठी मुख्यतः, पण ओटी आणि रिकव्हरीवाल्यांनीही वाचावा. त्यांच्या वाट्याचं बरंच आहे.

आधी नाव नीट घ्या

एकाच जागी सतत दाब पडून कातडी आणि आतला भाग दुखावतो, त्याला वॉर्डात आपण बेडसोअर म्हणतो आणि म्हणत राहू. फाइलमध्ये मात्र 'प्रेशर इंज्युरी' लिहा. अमेरिकेच्या प्रेशर अल्सरविषयक राष्ट्रीय सल्लागार मंडळाने २०१६ मध्ये 'अल्सर' हा शब्द बदलून 'इंज्युरी' केला, कारण पहिल्या टप्प्यात कातडी फाटलेलीच नसते. हा शब्दांचा कीस वाटेल, पण व्रण नाही म्हणून काहीच नाही असं समजून आपण किती लाल पाठी झाकून ठेवल्यात, आठवून बघा.

स्टेज ठरवताना पोरी सगळ्यात जास्त घाबरतात. म्हणून ते बोटापासून सुरू करू. लाल दिसणाऱ्या जागेवर तर्जनी तीन सेकंद दाबा आणि उचला. जागा क्षणभर पांढुरकी होऊन पुन्हा लाल झाली, तर रक्त अजून फिरतंय. दाब काढा आणि थोड्या वेळाने पुन्हा बघा. दाबूनही लाली तशीच राहिली, कातडी शाबूत आहे, तर ती स्टेज १.

आता आपल्याकडची अडचण. पुस्तकातला फोटो गोऱ्या कातडीचा असतो. माळव्यातल्या सावळ्या पाठीवर लाली दिसतच नाही, आणि पांढरं पडणं तर त्याहून नाही. तिथे डोळ्यापेक्षा हात कामाचा. बोटांच्या मागच्या बाजूने ती जागा आणि शेजारची जागा आलटून पालटून चाचपा. एक गरम किंवा गार लागते का? घट्ट झालीय की पिकल्या चिकूसारखी पिचपिचीत? आजूबाजूच्या रंगाहून थोडी गडद? तिथे दाबल्यावर पेशंट हात झटकतो का? वॉर्डातल्या ट्यूबलाइटवर विसंबू नका, टॉर्च घ्या आणि उजेड बाजूने पाडा. दुखणं हे रंगाच्या आधी येऊ शकतं. आजींची टाच मला हेच सांगत होती.

स्टेज २ म्हणजे वरची कातडी गेलेली, खाली गुलाबी-लाल ओलसर तळ, किंवा स्वच्छ पाण्याचा फोड. तळाशी पिवळा चिकट थर, म्हणजे स्लफ, दिसला तर ती स्टेज २ नसते. ही एक खूण पक्की केली तरी निम्म्या चुका वाचतात. स्टेज ३ मध्ये कातडीची पूर्ण जाडी गेलेली असते आणि चरबी दिसते. स्टेज ४ मध्ये स्नायू, स्नायुबंध किंवा हाड दिसतं किंवा बोटाला लागतं. तळ पूर्ण पिवळ्या थराने किंवा काळ्या खपलीने झाकला असेल, तर खोली कळतच नाही, तेव्हा 'अनस्टेजेबल' लिहायचं, अंदाज बांधायचा नाही. आणि जांभळा किंवा काळपट-तपकिरी डाग, किंवा रक्ताचा फोड, म्हणजे डीप टिश्यू प्रेशर इंज्युरी. नळीमुळे ओठाच्या आत किंवा नाकात जखम झाली तर ती नोंदवायची, पण तिला स्टेज देत नाहीत.

जखम भरत आली म्हणून स्टेज ४ ची ३ आणि ३ ची २ होत नाही. 'भरत आलेली स्टेज ४' असंच लिहायचं. गेलेला स्नायू परत येत नाही, त्या जागी नुसता जखमेचा वण भरून येतो.

ओल्या डायपरखालची लालीही फसवते. लघवी-जुलाबाने झालेली लाली पसरट असते, कडा अस्पष्ट, घड्यांमध्ये आणि दोन्ही कुल्ल्यांवर. दाबाची जखम बहुधा हाडावर किंवा नळी-पट्ट्याखाली असते आणि तिला आकार असतो. दोन्ही एकत्रही असतात.

सर्जिकल पेशंट वेगळा का

मेडिसिन वॉर्डातला पेशंट झोपेतही थोडा हलतो, कण्हतो, कूस मागतो. ऑपरेशनच्या टेबलावरचा हलत नाही आणि सांगतही नाही. भुलीत रक्तदाब उतरतो, अंग गार पडतं, टेबलाची गादी पातळ असते, आणि चार तासांच्या ऑपरेशनमध्ये सर्जनला त्याच्याच जागेची काळजी असते. हाडाला लागून असलेला स्नायू कातडीच्या आधी मरतो. म्हणूनच वरून काही दिसत नाही आणि साधारण ४८ ते ७२ तासांनी जांभळा डाग वर येतो. म्हणजे सोमवारी ओटीत झालेलं बुधवारी-गुरुवारी वॉर्डात 'सापडतं', आणि ज्या सिस्टरला सापडलं तिच्याच गळ्यात पडतं.

यात भांडणाचा उपाय नाही, नोंदीचा आहे. डाग दिसला की तीन दिवस मागे मोजा: तेव्हा पेशंट कुठे, कोणत्या पोझिशनमध्ये, किती तास होता. उताणा असेल तर डोक्याची मागची बाजू, खांदे, कोपर, सॅक्रम (कमरेखालचं, कुल्ल्यांच्या वरचं मधलं हाड) आणि टाचा. कुशीवर असेल तर कान, खांदा, खुबा, गुडघ्याची बाहेरची बाजू, घोटा. मणक्याच्या ऑपरेशनला पालथा असेल तर कपाळ, हनुवटी, छाती, कमरेची पुढची हाडं, गुडघे, पायाची बोटं. पुरुषांत जननेंद्रिय आणि बायकांत स्तन दाबले गेलेत का, हे विचारायला संकोचू नका. डाग पोझिशनशी जुळला की कारण कळतं.

पहिली पायरी: ओटीत जाण्याआधी

पेशंट गाऊन घालतो त्या दोन मिनिटांत पाठ, कुल्ले, टाचा बघून घ्या. वेगळा वेळ काढायची गरज पडत नाही. जे दिसेल ते लिहा. काहीच नसेल तर 'कातडी शाबूत, डाग नाही' हेही लिहा, वेळेसकट. हीच ओळ नंतर तुम्हाला वाचवते. नॅभ (एनएबीएच, रुग्णालयांच्या दर्जाचं राष्ट्रीय मंडळ) मानांकन असलेल्या रुग्णालयांत भरतीनंतर झालेल्या प्रेशर इंज्युरी मोजाव्या लागतात. घरून आणलेली जखम तुमच्या खात्यात जमा व्हायला नको असेल, तर ती आल्याआल्या फाइलवर हवी.

जोखीम मोजायला ब्रेडन स्केल बहुतेक ठिकाणी छापील असतोच. बार्बरा ब्रेडन आणि नॅन्सी बर्गस्ट्रॉम यांनी तो तयार केला. सहा बाबी: जाणीव, ओलावा, चालणं-फिरणं, जागेवर हालचाल, आहार, आणि घर्षण-सरकणं. एकूण ६ ते २३, कमी गुण म्हणजे जास्त धोका, १८ किंवा खाली गेला की सावध. पण एक लक्षात ठेवा: चालत आलेला हर्नियाचा पेशंट सकाळी २२ गुण घेतो, आणि सहा तासांनी स्पायनलखाली, म्हणजे पाठीतून दिलेल्या भुलीखाली, त्याचे पाय लाकूड झालेले असतात. सकाळचा आकडा ओटीतून आलेल्या माणसाचा नव्हे. परत आल्यावर पुन्हा मोजा.

ऑपरेशनसाठी मला स्कॉट ट्रिगर्सचे चार प्रश्न सोपे वाटतात. वय ६२ किंवा जास्त? रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन ३.५ च्या खाली, किंवा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) १९ हून कमी वा ४० हून जास्त? भूलतज्ज्ञांचा एएसए दर्जा (भुलीआधी तब्येत किती नाजूक ते सांगणारा) ३ किंवा वर? ऑपरेशन तीन तासांहून लांबेल? यांतली दोन उत्तरं 'हो' आली की ओटीच्या सिस्टरला तोंडी सांगा. नुसती फाइल पाठवून ती वाचली जाईल असं समजू नका.

दुसरी पायरी: टेबलावर

ओटीवाल्यांनो, तुमच्याकडे फार थोडं हाती असतं, पण जे असतं ते मोलाचं. पेशंटला ओढू नका, उचला. ओढताना कातडी चादरीला चिकटून जागेवर राहते आणि आतलं हाड पुढे सरकतं, मधल्या रक्तवाहिन्या पिळल्या जातात. खाली चादरींची चळत नको, त्याने जेल पॅडचा उपयोगच संपतो. टाचा टेबलापासून मोकळ्या, पोटऱ्यांखाली आधार, गुडघे अगदी किंचित वाकलेले. बीटाडीन (कातडी निर्जंतुक करायचं औषध) पाठीखाली वाहून साचू देऊ नका.

आणि यात एक फसगत आहे. कुल्ल्याखाली साचलेल्या बीटाडीनने कातडी भाजते, कॉटरीच्या (विजेने रक्तस्राव थांबवायच्या यंत्राच्या) प्लेटखालीही भाजते, आणि दोन्ही वॉर्डात बेडसोअर म्हणून खपतात. जखम हाडावर नसेल, कडा प्लेटसारख्या सरळ असतील किंवा ओघळाच्या आकाराच्या असतील, तर प्रेशर इंज्युरी लिहिण्याआधी थांबा आणि सर्जनला दाखवा.

तिसरी पायरी: ट्रॉलीवरून बेडवर

हा क्षण मी सगळ्यात महत्त्वाचा मानते. हँडओव्हर घेताना ड्रेन, सलाइन, लघवीची पिशवी, औषधं सगळं विचारतो, शेवटी एक वाक्य जोडा, "पाठ बघूया." बेडवर घेताना तसंही कुशीवर वळवावंच लागतं, त्याच वळणात रिकव्हरीची सिस्टर आणि तुम्ही दोघी मिळून सॅक्रम बघा, मग टाचा. डोक्याला जुडा बांधला असेल तर तो सोडा. लांब ऑपरेशननंतर त्याखाली दुखरी जागा सापडते. दोघींच्या देखत बघितलं की "आमच्याकडे नव्हतं" हे वाक्यच उरत नाही.

सुरुवातीला रिकव्हरीवाले वैतागतील. मलाही "तुम्हाला काय आम्ही चोर वाटतो?" असं ऐकावं लागलंय. महिनाभर हसत चालू ठेवलं की सवय होते.

चौथी पायरी: कूस

दर दोन तासांनी कूस, हे शाळेतल्या पाढ्यासारखं पाठ असतं. ते सुरुवातीला ठीक आहे, पण घड्याळापेक्षा कातडी मोठी. दोन तासांनी वळवल्यावर लाली पंधरा-वीस मिनिटांत जात नसेल, तर या पेशंटला दोन तास जास्त होतात. चांगल्या फोमच्या गादीवर एखाद्याला थोडा जास्त वेळही चालतो.

कूस ३० अंशांची. पूर्ण ९० अंशांवर वळवलं तर सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो, म्हणजे एक जखम टाळून दुसरी. दोघी समोरासमोर उभ्या राहा, ड्रॉशीट (पेशंटच्या अंगाखालची आडवी चादर) गुंडाळून धरा, "एक, दोन" म्हणून उचलत वळवा. उशी पाठीच्या मागे लांबीने, दुसरी पायांमध्ये. मग तळहात सॅक्रमखाली घाला. हात सहज गेला आणि हाड टेकलेलं लागलं नाही, तर कूस बरोबर. हात दाबला गेला तर पुन्हा करा. मुली कूस देऊन निघून जातात आणि ही शेवटची तपासणी गाळतात, म्हणून इथे मी थांबून सांगतेय.

डोक्याकडचा पलंग ३० अंशांपर्यंत, जेवताना सोडून. त्याहून वर केला की पेशंट घसरतो आणि सॅक्रमवर पिळ पडतो. वर करायचाच असेल तर आधी गुडघ्याकडचा भाग थोडा उचला.

टाचेसाठी उशी पोटरीखाली लांबीने, म्हणजे भार पूर्ण पोटरीवर पसरतो आणि टाच हवेत राहते. गुडघ्याच्या मागच्या खळगीत उशीची कड रुतू देऊ नका. पाणी भरलेले हातमोजे टाचेखाली ठेवायची जुनी युक्ती अजून दिसते. त्या फुग्याने टाच सुटत नाही. तसंच सायकलच्या ट्यूबसारखं गोल रिंग नको. मधली जागा वाचते, पण कडेला गोल दाब बसतो.

ऑपरेशनच्या पेशंटला कूस देताना हात थरथरतात ते टाक्यांच्या भीतीने. "टाके तुटले तर?" यावर उत्तर साधं: राउंडला सर्जनला विचारा, कुठल्या कुशीला मनाई आहे, किती दिवस, आणि ते फाइलमध्ये लिहून घ्या. खुब्याच्या सांध्याच्या ऑपरेशननंतर पायांमधली उशी काढायची नाही, मणक्याच्या ऑपरेशननंतर अंग ओंडक्यासारखं एकसंध वळवायचं, हे सांगून मिळालं की हात स्थिर होतो. पोटाच्या टाक्यांवर छोटी उशी धरायला पेशंटलाच सांगा. वेदनाशामक दिल्यावर अर्ध्या तासाने वळवा. दुखणाऱ्या माणसाने कूस नाकारली तर तो हट्ट नसतो, डोस वेळेवर मिळालेला नसतो.

एपिड्युरल (पाठीतल्या बारीक नळीतून दिलेलं वेदनाशामक) चालू असलेल्यांच्या टाचा मात्र तुमच्या जबाबदारीच्या. त्यांना दुखणारच नाही. प्लास्टर, स्प्लिंट, टेड स्टॉकिंग (रक्ताच्या गुठळ्या टाळायचे घट्ट मोजे), ऑक्सिजन मास्कची दोरी, रायल्स ट्यूबचा (नाकातून पोटात जाणाऱ्या नळीचा) नाकातला टेकू, एसपीओ२ ची (ऑक्सिजन मोजणारी) क्लिप, यांच्याखाली दिवसातून दोनदा तरी बघा. स्टॉकिंग उतरवायचा कंटाळा येतो. टाचेवरचा काळा डाग बहुतेकदा त्याच कंटाळ्याखाली असतो.

एअर बेड आला म्हणजे कूस बंद, हा गैरसमज नातेवाइकांपेक्षा आपल्यातच जास्त. गादी फुगलीय का हे हाताने बघा: सॅक्रमच्या खाली, गादीखालून हात घाला, मध्ये इंचभर हवा लागली पाहिजे. लाइट गेली की पंप बंद पडतो. वर तीन चादरी आणि मॅकिंटॉश (रबरी कापड) टाकला तर एअर बेडचे पैसे पाण्यात. आणि मे महिन्यात, इंदूरचं ऊन ४० च्या पुढे गेलेलं असताना मॅकिंटॉशवर उताणा पेशंट म्हणजे घामात भिजणारी पाठ. ओली कातडी लवकर फाटते. मॅकिंटॉश काढा, शोषणारं पॅड टाका.

स्पिरिट लावून पावडर थापून पाठ चोळणं हे आमच्या पिढीने वर्षानुवर्षं 'बॅक केअर' म्हणून केलं, मी स्वतः अभिमानाने केलं. स्पिरिट कातडी कोरडी करतं, आणि लाल झालेल्या हाडावर चोळल्याने आतला मार वाढतो. कोमट पाणी, सौम्य साबण, टिपून कोरडं, मग मॉइश्चरायझर. डायपर असेल तर झिंकचं क्रीम. सॅक्रमवर सिलिकॉन फोमची पट्टी आधीच लावली तर फायदा होतो, पण ती महाग असते. मिळाली तर तिची एक कड उचलून रोज खालची कातडी बघायची आणि पुन्हा बसवायची.

पाचवी पायरी: जखम झालीच तर

पहिलं काम दाब काढणं. ड्रेसिंग कितीही भारी लावा, पेशंट त्याच जागेवर पडून राहिला तर काही उपयोग नाही.

मग मोजणं. कागदी पट्टी घ्या, पेशंटचं डोकं म्हणजे घड्याळाचे १२. लांबी डोक्याकडून पायाकडे, रुंदी तिला आडवी, दोन्ही सेंटिमीटरमध्ये. खोली निर्जंतुक स्वॅबने, काडीवर बोट धरून पट्टीवर मोजा. कडेखाली पोकळी गेली असेल तर '३ वाजता २ सेंटिमीटर' असं लिहा. तळाचा रंग टक्क्यांत, स्राव किती, वास, भोवतालची कातडी, आणि दुखणं १० पैकी किती. आठवड्याला पुश स्केलचे (जखम भरतेय का ते मोजणारे) गुण काढले तर जखम चाललीय कुठे ते दिसतं: ० ते १७, आकडा उतरायला हवा. फोटो काढायचा तर संमती घेऊन, रुग्णालयाच्या कॅमेऱ्यावर, पट्टी शेजारी ठेवून. स्वतःच्या व्हॉट्सअॅपवर नाही.

धुवायला नॉर्मल सलाइन. स्वच्छ गुलाबी जखमेत रोज हायड्रोजन पेरॉक्साइड ओतून फेस बघायची हौस सोडा. नव्या पेशीही त्यात जातात. स्टेज १ ला ड्रेसिंगची घाई नाही. स्टेज २ ला ओलसरपणा टिकवणारं, हायड्रोकोलॉइड किंवा फोम. ३ आणि ४ मध्ये पोकळी सैलसर भरायची, ठासून नाही, आणि डेब्रिडमेंट, म्हणजे मेलेला भाग काढणं, करायचं की नाही ते सर्जन ठरवणार. जांभळा डाग फोडू नका, दिवसातून दोनदा बघा. चांगली काळजी घेऊनही तो फुटून खोल जखम होऊ शकते, हे नातेवाइकांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर ती तुमची चूक ठरते. टाचेवर कोरडी, घट्ट चिकटलेली काळी खपली असेल, भोवती लाली-पू नसेल, तर तिला हात लावू नका. ती स्वतः झाकणाचं काम करते. मऊ पडली, हलू लागली, वास आला, की त्याच तासाला फोन.

ताप, भोवती पसरणारी लाली, वाढतं दुखणं, वेडंवाकडं बोलणं सुरू झालं, तर ड्रेसिंगच्या वेळेची वाट बघायची नाही.

फोन करताना आवाज चाचरतो, कारण काय सांगायचं ते आधी ठरलेलं नसतं. कागदावर लिहा आणि वाचा: "सर, बेड १४, परवा खुब्याचं ऑपरेशन, साडेतीन तास. सॅक्रमवर ४ बाय ३ सेंटिमीटरचा जांभळा डाग, कातडी शाबूत, बाजूहून गरम आणि मऊ, दुखणं ६. मला डीप टिश्यू इंज्युरी वाटते. ३० अंशांची कूस सुरू केली, एअर बेड मागवलाय. आज बघाल का, आणि डाव्या कुशीला हरकत आहे का?" इंदूरला हा फोन हिंदीत होईल, क्रम हाच ठेवा. "सर, पीछे थोड़ा लाल है" असं म्हटलं की उत्तरही "देखते हैं" येतं.

ताटात काय

जखम भरायला प्रथिनं लागतात: वजनाच्या दर किलोमागे दिवसाला साधारण सव्वा ते दीड ग्रॅम. ६० किलोच्या माणसाला ७५ ते ९० ग्रॅम. इंदूरचा अटेंडर, म्हणजे पेशंटजवळ राहणारा घरचा माणूस, प्रेमाने सकाळी पोहे-जिलबी आणि वर मूठभर शेव घेऊन येतो. पेशंट खूश होतो, जखमेला त्यातून फारसं काही मिळत नाही. मोडू नका त्याचं मन, भर घाला: एक अंडं म्हणजे ६ ग्रॅम, पाव लिटर दूध ८, शंभर ग्रॅम पनीर साधारण १८. मराठी घरात मुगाचं वरण, ताक, थालीपिठात बेसन, हे सगळं चालतं. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आकडा डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ ठरवतील. मधुमेह असेल तर साखरेचा तक्ता ड्रेसिंगच्या कागदाशेजारी लावा. मला दोन्ही एकत्र बघायची सवय लागल्यापासून न भरणाऱ्या जखमांचं कोडं अर्धं सुटलं.

भरवसा कसा येतो

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलं की 'हे मला जमेल' हा विश्वास चार वाटांनी येतो: स्वतः करून, आपल्यासारख्याला करताना बघून, विश्वासाच्या माणसाच्या शब्दाने, आणि त्या वेळच्या शरीराच्या स्थितीवरून. सगळ्यात पक्की पहिली वाट. व्याख्यानाने तो फारसा येत नाही, हे मी व्याख्यानं देऊनच सांगतेय.

म्हणून हे करा. एका वहीत कामं लिहा: सावळ्या कातडीवर स्टेज १ ओळखणं, ब्रेडन मोजणं, ३० अंशांची कूस, खोली मोजणं, फोन, नातेवाइकांना सांगणं, अशी आठ-दहा. प्रत्येकापुढे ० ते १० पैकी स्वतःला किती भरवसा वाटतो तो आकडा. पाचाच्या खाली असेल ते काम येत्या आठवड्यात सीनियरसोबत तीनदा. महिन्याने पुन्हा आकडे, जुने न बघता.

दुसरं, जोडीचा खेळ. एकाच जखमेची स्टेज दोघींनी वेगवेगळ्या चिठ्ठीवर लिहायची, मग चिठ्ठ्या उघडायच्या. जुळल्या नाहीत तर का, यावर पाच मिनिटं बोलायचं. यात सीनियरही चुकतात आणि ते बघून ज्युनियरचा जीव भांड्यात पडतो. एकदा केरळच्या एका नव्या सिस्टरने माझी 'स्टेज २' खोडून दाखवली. तळाशी स्लफचा तांदळाएवढा ठिपका होता, चष्मा माझ्या डोक्यावर होता.

तिसरं, एक जखम शेवटपर्यंत. पाळी बदलली तरी ती जखम तुमची, आठवड्यातून दोनदा मापं तुमच्या हाताने. जखम कडेने आत सरकताना एकदा बघितली की पुढच्या वेळी हात आपोआप शांत असतो.

आणि ज्यांचा आकडा सगळीकडे १० आहे, त्यांच्याकडे माझं जास्त लक्ष असतं. स्पिरिट चोळणारी मीसुद्धा दहाची होते.

रात्री तीस पेशंट आणि दोन सिस्टर असतील तर दोन तासांच्या कुशीचं गणित बसत नाही, हे खरं आहे. तेव्हा दोघींनी मिळून धोक्याचे सहा-सात बेड निवडा, त्यांची फेरी ठरलेल्या वेळी एकत्र मारा, आणि न जमलेली कूस खोटी टिकमार्क न करता 'मनुष्यबळ नाही' असं कारण लिहून ठेवा. असे कागद साठले की मागणीला वजन येतं.

घरी पाठवताना

डिस्चार्जच्या दिवशी अटेंडरला पत्रक देऊन भागत नाही. इंदूरच्या रामबागेतल्या जुन्या घरांत पलंग भिंतीला चिकटलेला असतो, एकाच बाजूने जाता येतं. मग कूस रोज एकाच अंगावर होते. हे विचारा आणि पलंग दोन हात सरकवायला सांगा. खुर्चीत बसवाल तर खाली फोमची उशी आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी अंग हलवणं. लाली तीन दिवसांत गेली नाही, कातडी फुटली, वास आला, तर थांबायचं नाही.

मग मी मुलाला किंवा सुनेला म्हणते, "आता तुम्ही करून दाखवा." ते उशी ठेवतात, बहुतेकदा आधी टाचेखालीच. मी काही बोलत नाही, फक्त टाचेच्या आणि चादरीच्या मधून तळहात सरकवून बघते. अडकला तर उशी परत त्यांच्या हातात देते.